दोघांचं वजन

बाजाराच्या मागच्या गल्लीत तराजू दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे एक दार. ते दार लावलेलं कधी कुणी पाहिलं नाही, कारण तराजूवाला हाताने काम करी आणि तोंडाने आतल्या थोरल्या बहिणीशी बोलत राही. कुणाचा काटा मुद्दाम झुकवलेला निघाला, कुठल्या वाण्याने नवी वजनं घेताना किती तोंड वाकडं केलं, सगळं तिला ओट्याशी उभ्या उभ्या कळे.

घर दोघांचंच. आईवडील गेले तेव्हा ती चौदाची होती आणि तो सहाचा. पुढे त्याचं लग्न जमलं नाही आणि तिचं टिकलं नाही. बाजार त्याला काटेवाले म्हणे, ती धाकट्या म्हणे. त्याचे केस पिकले, दात पडायला लागले, तरी त्या हाकेत फरक पडला नाही.

जेवताना तर त्याला ऊत येई. घास तोंडात आणि गोष्ट ओठांवर.

"आधी गिळ, मग बोल!" ती ओरडे.

"गिळायला काय ताई, सगळा जन्म पडलाय," असं म्हणून तो पुढची गोष्ट काढी.

मग त्याची जीभ जड व्हायला लागली. शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडत. एक भाजीवाली नाकाला पदर लावून म्हणाली, "काय काटेवाले, सकाळी सकाळीच?" ज्याने उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चार डॉक्टर झाले, सुया टोचून तपासण्या झाल्या, तेव्हा कुठे नाव कळलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हलवणाऱ्या नसाच एकेक करून मरतात, तो आजार उलटा फिरवणारं औषध नाही. कुणाचे आधी पाय जातात, कुणाचे हात. याची जीभ आणि घसा. आठ महिन्यांत आवाज गेला. हात मात्र होते तसेच होते. केसाइतका फरक दिसला तरी कानशीने बरोबर तेवढंच घासणारे.

आता दुकानातून फक्त कानशीचा आवाज येई. ती भांडी घासता घासता सवयीने मधेच "हं" म्हणे, आणि मग आपण कुणाला हुंकार दिला ते आठवून नळ मोठा सोडी. त्याची एखादी जुनीच, शंभरदा ऐकलेली, निम्मी खोटी गोष्ट पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून तिने काय वाटेल ते दिलं असतं.

तो पाटीवर लिहून बोले. तिला जोडाक्षरं वाचायला वेळ लागे, म्हणून मोठ्या अक्षरात आणि मोजकं लिही. एवढ्या बोलक्या माणसाला चार शब्दांत उरकायला लागावं, याचं तिला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटे.

आणि जेवण. दवाखान्यात गिळणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. हे दोघं त्यांना गिळण्याच्या बाई म्हणत. त्यांनी नियम घालून दिले होते. पाणी पातळ असतं, ते वेड्यासारखं धावतं आणि चुकून श्वासाच्या वाटेला जातं, म्हणून त्यात पावडर घालून दाट करायचं. भात, भाजी, अंडं, सगळं वाटून एकजीव करायचं. एका वेळी अर्धा चमचा. हनुवटी छातीकडे, एकदा गिळायचं, मग पुन्हा रिकामं गिळायचं. आणि जेवताना बोलायचं नाही, दुसऱ्यानेही नाही, लक्ष जातं.

म्हणून ताई न बोलता भरवी. एका वाटीला सव्वा तास. मधेच ठसका लागला की तो टेबलाची कड धरून निळा पडे, ती पाठीवर हात ठेवून उभी राही, आणि ठसका गेला की वाटीतलं निम्मं थंड झालेलं असे. ते ती ओट्याशी उभ्याने चाटूनपुसून संपवी. तेच तिचं जेवण. तळण, फोडणी, कुरकुरीत, खमंग असलं काही तिने घरात आणणंच बंद केलं होतं. ज्याला खाता येत नाही त्याच्या नाकाशी वास कशाला नाचवायचा?

गिळण्याच्या बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. दर सोमवारी वजन करून फोनवर कळवायचं. वजन उतरायला लागलं तर पोटाला नळी बसवायचा विचार करायला लागेल.

"वजनाची काळजी आमच्या घरात कुणी करू नये," ताई ऐटीत म्हणाली होती.

दुकानात मोठा काटा होता. खाली लोखंडी बैठक, वर आडवी दांडी, दांडीवर सरकतं पितळी वजन. अर्धा बाजार आपल्या वजनांची खातरजमा करायला त्या काट्याकडे येई. दर सोमवारी धाकटा बैठकीवर उभा राही, पितळी वजन स्वतः सरकवी, आणि दांडी समतल झाली की ताई आकडा वाचे. एकसष्ट. पुढच्या सोमवारी एकसष्ट. मग साडेसाठ. पुन्हा एकसष्ट. ती फोनवर सांगे, "आहे तसं आहे, बाई."

मधे त्याची पँट कमरेवर थांबेना. तिने पट्ट्याला दाभणाने नवं भोक पाडलं. महिन्याने आणखी एक पाडलं. गालाची हाडं वर आली तेव्हा वयाने आली म्हणाली. डोळ्यांना दिसत होतं ते सगळं तिने काट्यापुढे खोटं ठरवलं. धाकट्याने काट्यावर "बंद" अशी पाटी लावून बाजारवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली होती. बोलता येत नाही म्हणून गिऱ्हाईक नको वाटत असेल, असं तिने धरलं.

तीन महिन्यांनी दवाखान्यात बोलावणं आलं. गिळण्याच्या बाईंनी त्याला तिथल्या काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, त्याला उतरायला लावून पुन्हा उभं केलं.

"चौपन्न," त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही मला गेल्या सोमवारी एकसष्ट सांगितलंत."

"एकसष्टच आहे. तुमचा काटा बिघडलाय."

"गेल्याच महिन्यात तपासलाय."

"कुणी तपासला? या गावात काटा तपासणारा माणूस हा, तुमच्यासमोर उभा! अहो, हा सांगेल तुम्हाला तुमच्या काट्यात काय खोट आहे ते. उघडून दाखव रे यांना, धाकट्या."

धाकटा काही हलला नाही. दवाखान्याच्या काट्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो आपल्या अनवाणी पायांकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. ती खूण ताई त्याच्या सहाव्या वर्षापासून ओळखत होती.

"आधी श्वासाची तपासणी करून घेऊ," गिळण्याच्या बाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

बाकावर दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा ताईने सोडली. ती जागा लगेच भरली. एक निवृत्त बसड्रायव्हर काठी टेकत आला आणि मधेच बसला. त्यालाही हाच आजार होता, शब्द जड येत होते पण कळत होते.

"नळीसाठी आलात?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शर्ट वर केला. पोटावर पेन्सिलीइतक्या जाडीची नळी, टोकाला झाकण. "हे बघा. डिझेलचं झाकण. वीस मिनिटांत टाकी फुल्ल."

ताईने मान फिरवली. "दुखत नाही का हो?"

"पहिला आठवडा दुखलं. त्यापेक्षा ठसक्याने जास्त जीव जात होता." तो दम घ्यायला थांबला. "दुखलं ते वेगळंच. घरातले माझ्यापासून लपून जेवायला लागले. मी खोलीत आलो की सुनेच्या गालात घास, नातवाचा हात मागे. उंदरांच्या बिळात राहिल्यासारखं वाटायचं मला. एक दिवस टेबलावर काठी आपटली. म्हटलं, मी मेलेलो नाही, माझ्यासमोर गिळा!"

धाकटा हसला. त्या आजारात हसू आलं की आवरत नाही. खांदे गदगदत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. पण हसता हसता तो ताईकडे बघत होता, आणि त्या बघण्यात हसू नव्हतं.

श्वासाचा आकडा शंभरात अठ्ठावन्न आला. सुरुवातीला एक्याऐंशी होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही.

"नळीने आजार बरा होत नाही. पण उपास घडणार नाही, ताकद टिकेल, औषध जाईल. मात्र नळी बसवताना थोडी गुंगी द्यावी लागते, आणि त्यासाठी श्वास बरा हवा. हा आकडा पन्नासच्या खाली गेला की धोका वाढतो. याच वेगाने उतरला तर महिना आहे. दोन आठवड्यांत ठरवा. नको म्हणालात तरी आम्ही सोबत आहोतच, ठसक्याचा आणि भुकेचा त्रास कमी ठेवू."

"तोंड धडधाकट असताना पोटाला भोक कशाला?" ताई म्हणाली. "मी भरवते आहे ना."

"तोंड बंद करा असं कुणी म्हणत नाही," गिळण्याच्या बाई म्हणाल्या. "चवीपुरतं थोडं खाता येईल, मी सांगेन ते. पोट भरण्याचं ओझं फक्त घशावरून काढायचं."

"तीन महिने आधी आला असतात तर बरं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि हे मात्र ताईच्या काळजात रुतलं.

घरी आल्या आल्या तिने दुकानाचं कुलूप काढलं, सरळ मोठ्या काट्याकडे गेली आणि "बंद"ची पाटी ओढून काढली.

"काय केलंस?"

त्याने पितळी वजन दांडीवरून उतरवलं आणि उलटं करून तिच्या तळहातावर ठेवलं. खालच्या बाजूला वजनाच्या पोटातलं शिसं कोरून काढलेलं होतं. वजन हलकं, म्हणून ते दांडीवर पुढे सरकवावं लागे, आणि आकडा जास्त दिसे. दांडीच्या टोकाची गोटी फिरवून त्याने रिकामा काटा बरोबर शून्यावर आणून ठेवला होता. तो जसजसा उतरत गेला तसतसं शिसं कोरत गेला. दर रविवारी.

"काट्यात खोट केलीस!" ती ओरडली. "तू? बाजारात एकाने पाव किलोला दहा ग्रॅम मारले म्हणून तू त्याचा तराजू गटारात फेकला होतास. आणि मी मूर्ख त्या बाईंना ऐटीत आकडे सांगते आहे. माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस ती फेकलीस, पण काट्यातून फेकलीस?"

त्याने आपली लिहायची पाटी ओढली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

ती अक्षरं लावत वाचू लागली. "नळी... बसली... की... तू... जेवणार... नाहीस."

"माझ्या जेवणाचा इथे काय संबंध?"

त्याने बोट वर करून थांब म्हटलं. खणातून एक डबी काढली. कोरलेल्या शिशाचा प्रत्येक कपटा त्याने त्या डबीत जपून ठेवला होता. पळीत घालून त्याने ते बर्नरवर वितळवलं, वजनाच्या पोटात ओतलं, थंड झाल्यावर कानशीने साफ केलं. गोटी जागेवर आणली. मग सरकारी शिक्क्याची वीस किलोची वजनं बैठकीवर चढवून पाहिली. एक, दोन, तीन. दांडी दर वेळी बरोबर समतल राहिली. सगळ्याला तासभर लागला. तेवढा वेळ ताई स्टुलावर बसून त्याचे हात बघत होती. राग होताच, पण ते हात बघता बघता तिला वाटलं, आणखी किती दिवस दिसणार हे?

तो बैठकीवर उभा राहिला. चौपन्नला थोडं कमी. पाटीवर लिहिलं. मग उतरला आणि तिला खूण केली.

"माझं काय काढलंस आता?"

त्याने पुन्हा खूण केली. ती चपला काढून चढली. तिच्या आठवणीत ती एकदाच या काट्यावर चढली होती, गेल्या वर्षी, काट्याला तेलपाणी केलं तेव्हा गंमत म्हणून. तेव्हा साठ भरली होती, आणि त्याने सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं की आमच्या ताईपुढे तांदळाचं पोतं लाजेल.

धाकट्याने पितळी वजन सरकवलं. साठाच्या खाचेवर दांडी पडूनच राहिली. छप्पन्नवर पडून राहिली. बावन्नवरही उठली नाही. एकोणपन्नासवर हळूच वर आली आणि स्थिर झाली.

"पुन्हा खोट केलीस," ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. शिसं ओतताना तिने स्वतः पाहिलं होतं.

त्याने पाटीवर त्याच्या आकड्यापुढे तिचा आकडा लिहिला. त्याचे सात किलो गेले होते आणि तिचे अकरा.

ती काट्यावरच उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण शेवटचं बसून, ताटात वाढून कधी जेवलो ते आपल्याला सांगता येत नाही. पूर्वी तो काटे दुरुस्त करायला दोनचार दिवस परगावी जाई तेव्हा ती चहापावावर दिवस काढी. एकटीसाठी कोण चूल पेटवणार, म्हणे. आणि परत आल्यावर तो डब्यातलं पीठ बघून ओळखी. म्हणजे हा तीन महिने आपल्याला वाटीतलं उरलंसुरलं चाटताना बघत होता. हा जेवायचा थांबला की ती वाटीसुद्धा सुटेल, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून दिवसातून तीनदा, जीव घुसमटत, तो टेबलाशी येऊन बसत होता.

"अरे वेड्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी मरायला निघालास होय?"

त्याने पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. तिने वाचलं. *नळी बसवतो. तू समोर बसून जेव. ताटात. गरम.*

"तुझ्यासमोर? तू नुसता बघणार आणि मी खाणार?"

त्याने खाली एक शब्द वाढवला. *दोन्ही वेळा.*

"हा काय भाजीबाजार आहे घासाघीस करायला?"

तो खडू धरून थांबून राहिला. गिऱ्हाईक दुकानातून निघून जाण्याच्या बेतात असलं की तो असाच शांत उभा राही, आणि गिऱ्हाईक हमखास परत फिरे. ताई काट्यावरून उतरली, चपला घातल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथून पाठमोरीच म्हणाली, "सकाळी त्या बाईंना फोन करते."

नळी नवव्या दिवशी बसली. तीन दिवस दवाखान्यात काढले, तिथे नर्सने ताईला नळीभोवतीची जागा पुसायला शिकवलं, आणि त्याला नळीला जोडायची पिचकारी धरायला. आधी पाणी सोडायचं, मग दुधासारखं दिसणारं अन्न, मग पुन्हा पाणी. ताठ बसायचं, नंतरही तासभर आडवं व्हायचं नाही. भरायचं काम तो स्वतःच करणार होता, हात होते तोवर.

घरी आल्यावर पहिल्या दुपारी त्याने पाटीवर लिहिलं, *बटाट्याचे काप. तळून.*

"वास सुटेल घरभर."

त्याने मान डोलावली. सुटू दे.

तिने किती महिन्यांनी कढई काढली. तेल तापलं, काप पडले, चरचर झाली, तसा दुकानातला कानशीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने तो येऊन आपल्या खुर्चीत ताठ बसला. शर्टाचं बटण सोडलं, नळीचं टोक काढलं, पिचकारी जोडली, पाणी सोडलं. मग अन्न ओतून पिचकारी खांद्याच्या उंचीवर धरली. पांढरी पातळी संथपणे खाली येऊ लागली. ना ठसका, ना टेबलाची कड, ना निळे ओठ. ताई समोर ताट घेऊन बसली. भात, अंड्याचा रस्सा, काप. वाफ येत होती. तिने काप उचलला आणि परत ठेवला.

"नाही रे उतरत घशाखाली," ती म्हणाली आणि जीभ चावली.

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि मग फुटला. हसू आवरेना, पिचकारी हिंदकळली, तिने उठून त्याचा हात धरून स्थिर केला, "सांडशील, सांडशील मेल्या," म्हणत तीही हसली, आणि हसता हसता दोघांचे डोळे भरून आले ते तसेच राहिले.

मग ती बसली आणि तिने काप खाल्ला. शांत घरात तो केवढा मोठ्याने वाजला. तिला शरमल्यासारखं झालं.

त्याने मोकळ्या हाताने लिहिलं. *कसे झालेत?*

"बरे झालेत."

*बरे म्हणजे?*

ताईने आयुष्यात कधी चवीबद्दल बोलायचा प्रयत्न केला नव्हता. स्वयंपाक तिचा आणि बोलणं त्याचं, अशीच त्या घरातली वाटणी होती. तिने आणखी एक काप तोंडात टाकला आणि कपाळाला आठ्या घालून चावला.

"म्हणजे, कडेला जरा करपलेत. तिथे कडवट लागतं, पण बरं लागतं. मधे मऊ राहिलेत, पिठूळ. हाताला मोजमाप राहिलं नाही, जाड कापले गेले." तो बघत होता. आणखी. "मीठ कमी पडलंय. आणि तेल... तेल जिभेवर राहतंय. गरम आहे अजून. टाळूला चटका बसला."

तो डोळे मिटून ऐकत होता. पिचकारीतलं अन्न उतरत होतं, त्याच्या पोटात जात होतं, त्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ती रस्सा-भाताबद्दल बोलली. कांदा चांगला लाल झाला होता तो गोडसर लागतो, म्हणाली. मिरी दाताखाली आली, म्हणाली. आपल्याला इतकी भूक लागली होती हे तिला घासामागून घास जाताना कळत गेलं.

मग तिचं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. तिने घास गिळला की त्याच्या गळ्याची गाठ वर जायला बघे. अर्ध्यावर थरथरे आणि खाली येई. ती चावू लागली की त्याचे ओठ किंचित हलत. तिने गिळलं की गाठ पुन्हा निघे, पुन्हा अर्ध्यावर राही. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि गळा तिच्या प्रत्येक घासामागे चाललेला.

ताईचा हात ताटातच थांबला. खोलीत काहीच वाजेना.

त्याने डोळे उघडले. काय झालं, असं भुवयांनी विचारलं. तिने मान हलवली, काही नाही. त्याने ताटाकडे पाहिलं. अजून चार काप होते. त्याने बोटाने दाखवले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

तिने एक उचलला, आणि सावकाश चावू लागली.